रोग येण्यापूर्वीची सेवा : डॉ. आल्फ्रेड फोन्स यांचे जीवनकार्य



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलीला पुढे काय शिकवावयाचे? गुण भरपूर असतील तर डॉक्टर, त्याहून कमी असतील तर शिक्षिका आणि त्याहूनही कमी असतील तर शिक्षण पुरे झाले, आता स्थळ पाहू या. या तीन खान्यांच्या बाहेरही विद्येचे आणि मानाचे मार्ग आहेत, याचा विचार फारसा होत नाही. मार्गच माहीत नसेल तर त्यावर पाऊल तरी कोण टाकणार?

दात दुखू लागला की आपण दंतवैद्याकडे जातो. तेथे खुर्चीशेजारी एक मुलगी उभी असते. ती हत्यारे निर्जंतुक करून ठेवते, कापूस देते, रोग्याला धीर देते. आपले लक्ष डॉक्टरांकडे असते, तिच्याकडे जात नाही. परंतु याच कामातून पुढे एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली. तिचे शिक्षण आहे, परीक्षा आहे, सरकारी नोंदणी आहे आणि तिला कायद्याने दिलेले स्थान आहे. हे आपोआप घडले नाही. त्यामागे एका माणसाची कित्येक वर्षांची खटपट आहे. त्यांचे नाव डॉ. आल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स. दंतवैद्यकाच्या जगात डेंटल हायजिनिस्ट या व्यवसायाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. त्यांची हकीकत आपण आज पाहू या.

बालपण आणि शिक्षण

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यूयॉर्कपासून सुमारे १०० किलोमीटरवर, कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट हे शहर आहे. ते कारखान्यांचे गाव होते. आपल्या आया-बहिणींना ठाऊक असलेल्या सिंगर शिलाई यंत्राचा एक मोठा कारखाना तेथे होता, तसेच शस्त्रास्त्रांचेही कारखाने होते. पोटासाठी देशोदेशींहून आलेली कामगार कुटुंबे तेथे दाटीवाटीने राहत असत.

या गावात १८६९ साली आल्फ्रेड फोन्स यांचा जन्म झाला. वडील सिव्हिलियन फोन्स हे दंतवैद्य होते आणि काही काळ शहराचे महापौरही होते. घरचा व्यवसाय मुलाने पुढे चालविला. न्यूयॉर्कच्या दंतवैद्यक महाविद्यालयातून १८९० मध्ये पदवी घेऊन आल्फ्रेड ब्रिजपोर्टला परतले आणि वडिलांच्या दवाखान्यात काम करू लागले.

वाचकहो, त्या काळचे दंतवैद्यक कसे होते ते ध्यानात घेतले पाहिजे. रोगी यावयाचा तो दात ठणकू लागल्यावर. मग कीड कोरून दात भरावयाचा, नाही तर उपटून टाकावयाचा. सगळी विद्या नुकसान झाल्यानंतरची होती. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार. तरुण फोन्स यांनीही पहिली काही वर्षे हेच केले.

एका व्याख्यानाने दिलेली दिशा

१८९९ मध्ये दंतवैद्यांच्या एका सभेत फोन्स यांनी फिलाडेल्फियाचे डॉ. डी. डी. स्मिथ यांचे व्याख्यान ऐकले. स्मिथ यांचा विचार साधा होता. दातांवर जे किटण आणि जो चिकट थर साचतो तोच हिरड्यांच्या आणि दातांच्या रोगांचे मूळ आहे. तेव्हा ठराविक मुदतीने रोग्याला बोलावून दात हत्यारांनी स्वच्छ करावेत, घासून गुळगुळीत करावेत आणि घरी दात कसे घासावेत हेही शिकवावे. पुष्कळ दंतवैद्यांनी हे ऐकून सोडून दिले. फोन्स यांनी मात्र फिलाडेल्फियाला जाऊन स्मिथ यांच्या रोग्यांची तोंडे स्वतः पाहिली, खात्री करून घेतली आणि ब्रिजपोर्टला येऊन आपल्या रोग्यांवर तीच पद्धत सुरू केली.

यातील शास्त्र आज अधिक स्पष्ट झाले आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. तोंडात असंख्य जंतू असतात. ते दातांवर एक पातळ थर धरतात. आपण साखर खाल्ली की हे जंतू तिच्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच हळूहळू झिजविते. यालाच आपण दात किडणे म्हणतो. हा थर वेळेवर घासून काढला नाही तर तो लाळेतील क्षारांमुळे टणक होतो आणि त्याचे किटण बनते. किटण ब्रशाने निघत नाही, त्याला हत्यारच लागते. त्यामुळे हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि पुढे न किडलेला दातसुद्धा हलू लागतो. दात रोज घासण्याने किडीचा आणि हिरड्यांच्या रोगाचा धोका पुष्कळ कमी होतो. फ्लोराइडयुक्त पेस्टचा उपयोग मात्र फोन्स यांच्या नंतरच्या काळात सर्वत्र झाला. किडीविरुद्ध नुसत्या साफसफाईपेक्षा ही पेस्ट आणि साखरेवरील ताबा अधिक उपयोगी पडतो, असे आजचे शास्त्र सांगते.

फोन्स यांच्या रोग्यांना गुण येत होता. पण एक अडचण उभी राहिली. एका रोग्याचे दात नीट स्वच्छ करावयास पुष्कळ वेळ लागतो. दंतवैद्यानेच हे काम करावयाचे म्हटले तर दिवसाकाठी किती माणसे पाहून होणार? आणि जे मूठभर लोक पैसे देऊ शकतील त्यांनाच लाभ मिळणार. कारखान्यातील कामगाराच्या मुलाचे काय? या प्रश्नातूनच पुढची सारी गोष्ट जन्माला आली.

आयरिन न्यूमन

फोन्स यांच्या दवाखान्यात त्यांची चुलत-मावस नात्यातील एक बहीण, आयरिन न्यूमन, मदतनीस म्हणून काम करीत असे. १९०६ मध्ये फोन्स यांनी तिला दात स्वच्छ करण्याची विद्या पद्धतशीर शिकविली आणि ती रोग्यांचे दात स्वतः साफ करू लागली. खुर्चीशेजारी उभे राहून हत्यार देणाऱ्या हाताने हत्यार धरले, असे झाले.

हे सर्वांना रुचले नाही. पदवी नसलेल्या बाईने रोग्याच्या तोंडात हत्यार घालावे काय? आज साफसफाई करील, उद्या दात भरावयास आणि उपटावयास लागेल, मग आमच्या पदव्यांना काय अर्थ? अशी भीती दंतवैद्यांना वाटत होती. ओहायो राज्यात १९१० मध्ये एका दंत महाविद्यालयाने डेंटल नर्सचा अभ्यासक्रम सुरू केला होता, तो तेथील दंतवैद्यांच्या विरोधामुळे चार वर्षांतच बंद पडला.

या भीतीत थोडे तथ्यही होते, हे आपण मान्य केले पाहिजे. अर्धवट शिकलेल्याच्या हाती हत्यार देणे धोक्याचेच असते. फोन्स यांचे शहाणपण असे की त्यांनी हा वाद नुसत्या बोलण्याने सोडविण्याचा प्रयत्न केला नाही. मदतनिसाच्या कामाला कायद्याची चौकट मिळावी हा मार्ग त्यांनी धरला. १९०७ मध्ये कनेक्टिकटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मदतनिसाला दात साफ करण्याची मुभा मिळाली आणि त्यापलीकडची सर्व कामे तिला मना झाली. तिला काय करता येईल आणि काय करता येणार नाही हे दोन्ही लिहिले गेल्यामुळे रोग्याचे रक्षण झाले आणि तिचे स्वतःचेही रक्षण झाले.

गाडीखान्यातील शाळा

एका आयरिनने सारे शहर कसे पुरे पडणार? तेव्हा अशा पुष्कळ मुली तयार केल्या पाहिजेत, आणि त्यांनी शाळाशाळांतून जाऊन मुलांचे दात पाहिले पाहिजेत, असे फोन्स यांनी ठरविले. शहराच्या अधिकाऱ्यांकडे त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. नवीन गोष्टीसाठी पैसा सोडावयास सरकारी तिजोरी कोठेही लवकर तयार होत नाही. ब्रिजपोर्टही त्याला अपवाद नव्हते. अखेर शहराने ५,००० डॉलर मंजूर केले.

पण मुली शिकवावयाच्या कोठे? त्यासाठी ना इमारत होती ना संस्था. फोन्स यांच्या दवाखान्यालगत घोडागाडी ठेवण्याची एक इमारत होती. तीच साफसूफ करून तेथे वर्ग भरविला. नोव्हेंबर १९१३ मध्ये ही शाळा सुरू झाली. जगातील डेंटल हायजिनिस्टची ही पहिली शाळा. जागा गाडीखान्याची असली तरी शिक्षण मात्र हलके नव्हते. येल, हार्वर्ड, कोलंबिया यांसारख्या नामांकित विद्यापीठांतील प्राध्यापक तेथे येऊन व्याख्याने देत. शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र, दातांचे व हिरड्यांचे रोग, लहान मुलांना आरोग्य कसे शिकवावे, आणि या सर्वांबरोबर हाताचा सराव, असा तो अभ्यासक्रम होता. मदतनीस आहे म्हणून तिला थोडेसे शिकविले तरी चालेल, असा विचार फोन्स यांनी केला नाही.

विद्यार्थिनी कोण होत्या, हे आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यांत शाळेत शिकविणाऱ्या शिक्षिका होत्या, रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका होत्या, दवाखान्यात काम करणाऱ्या मदतनीस होत्या आणि काही दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. संसाराला किंवा नोकरीला लागलेल्या बायकांनी पुन्हा वही-पेन्सिल हाती घेतली होती. १९१४ मध्ये पहिल्या वर्गातून २७ जणी उत्तीर्ण झाल्या. १९१४ ते १९१६ या काळात तीन वर्गांतून मिळून ९७ जणी बाहेर पडल्या.

याच सुमारास नावाचाही प्रश्न होता. लोक अशा बाईला डेंटल नर्स म्हणत. फोन्स यांना ते नाव पसंत पडले नाही. नर्स म्हटले की डोळ्यांपुढे आजार आणि खाट उभी राहते. आणि या बाईचे काम तर आजार येऊच न देणे हे आहे. म्हणून त्यांनी हायजिनिस्ट, म्हणजे आरोग्य राखण्याची विद्या जाणणारी, हे नाव दिले. नाव बदलल्याने काय होते, असे काही जण म्हणतील. पण नाव बदलले म्हणजे काम कशासाठी आहे हे करणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही कळते.

शाळेतील मुलांचे दात

उत्तीर्ण झालेल्या पहिल्या मुलींपैकी बहुतेकींना ब्रिजपोर्टच्या शिक्षण मंडळानेच नोकरीवर घेतले. नेता येण्याजोगे सामान घेऊन त्या शाळांतून जात. लहान वर्गातील मुलांचे दात तपासून साफ करीत, प्रत्येकाला ब्रश कसा धरावा ते दाखवीत आणि सगळ्या वर्गाकडून एकदम ब्रशाची कवायत करून घेत. घरी आई-बापांना समजावे म्हणून पालकांसाठीही चित्रांसह व्याख्याने होत. काही वर्षांतच या मुलांमध्ये दातांची कीड पुष्कळ घटलेली दिसून आली आणि या चळवळीला देशभर जोर चढला.

दात घासण्याची फोन्स यांची पद्धत आजही लहान मुलांना शिकविली जाते. दात एकमेकांवर ठेवून तोंड मिटावे, ब्रश गालाच्या आतून मागच्या दाढांवर न्यावा आणि वरचे व खालचे दात तसेच हिरड्या यांवरून हलक्या हाताने गोल गोल फिरवीत पुढे यावे. पुढच्या दातांवरही तसेच गोल फिरवावे. आतल्या बाजूने मात्र मागे-पुढे घासावे. लहान बोटांना जमेल इतके हे सोपे आहे. आज रात्रीच आपल्या मुलांकडून करून पाहा.

१९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याने कायदा करून हायजिनिस्टला परवाना देण्याची व्यवस्था केली आणि १९१७ मध्ये पहिला परवाना मिळाला तो आयरिन न्यूमन यांना. दवाखान्यातली मदतनीस कायद्याने मान्य झालेल्या नव्या व्यवसायाची पहिली मानकरी ठरली. राज्यातील हायजिनिस्टांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच होत्या.

१९१६ मध्ये फोन्स यांनी 'माउथ हायजिन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बॉस्टनच्या फोर्सिथ दवाखान्यात आणि रॉचेस्टर येथे असेच अभ्यासक्रम सुरू झाले. मोठ्या संस्थांनी काम उचलल्यावर गाडीखान्यातील शाळा थांबली. आपली शाळा बंद पडली याचे दुःख करीत बसण्याऐवजी आपले काम दुसऱ्यांनी उचलले याचे समाधान मानणारी माणसे थोडी असतात. १९३८ मध्ये डॉ. फोन्स यांचे निधन झाले. पुढे १९४९ मध्ये ब्रिजपोर्ट विद्यापीठात त्यांच्या नावाने हायजिनिस्टांचे विद्यालय निघाले.

एक उणी बाजू

चरित्र सांगताना केवळ स्तुती करणे योग्य नव्हे. फोन्स यांनी या कामासाठी स्त्रियाच का निवडल्या? त्यांचे एक म्हणणे असे होते की पुरुष अशा मर्यादित कामात समाधान मानणार नाही, स्त्री मात्र मानील. हा त्या काळचा समज होता आणि तो आपल्याकडेही अजून पुरता गेलेला नाही. स्त्रीची झेप थोडीच असते, असे गृहीत धरून तिला छोटे काम देणे हा काही सन्मान नव्हे. परंतु पुढे काय घडले ते पाहा. त्याच स्त्रियांनी आपल्या संघटना उभारल्या. १९२३ मध्ये त्यांची अखिल अमेरिकी संघटना स्थापन झाली. काम छोटे समजून दिले गेले होते, ते त्यांनी मोठे केले.

दुसऱ्या देशांनी तर आणखी पुढे पाऊल टाकले. न्यूझीलंडमध्ये सर थॉमस हंटर यांच्या प्रयत्नाने १९२१ मध्ये शाळांसाठी डेंटल नर्स तयार करण्यास वेलिंग्टन येथे सुरुवात झाली. दोन वर्षे शिकलेल्या या मुली शाळेतील मुलांचे दात नुसते साफच करीत नसत, ते भरीतही असत. तेथेही दंतवैद्यांनी शंका काढल्या होत्या. ब्रिटनमध्ये खुर्चीशेजारी मदत करणाऱ्या डेंटल नर्सला २००८ पासून शिक्षण आणि नोंदणी सक्तीची झाली.

आपल्यासाठी

पालकहो, हे सारे दूरदेशीचे झाले, आपणांस त्याचे काय, असा प्रश्न आपण कराल. आपल्या देशातही १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याबरोबर डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या वगैरे तयार करणारा डेंटल मेकॅनिक यांची स्वतंत्र नोंदणी ठरविली. भारतीय दंतपरिषदेने हायजिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा ठेवला. हा जुना कायदा बदलण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. म्हणजे हा मार्ग नवा नाही, फक्त आपल्या वस्तीपर्यंत त्याची बातमी पोचलेली नाही.

या मार्गाचा विचार करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फी भरण्यापूर्वी त्या संस्थेला मान्यता आहे काय आणि उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या नोंदवहीत नाव लागेल काय, हे लेखी विचारावे. चार-सहा महिन्यांत प्रमाणपत्र देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या कागदाने खुर्चीशेजारी मदतनिसाची नोकरी मिळेल कदाचित, परंतु नोंदणी मिळणार नाही. दुसरी, विज्ञान विषय सोडू नये. बारावीला रसायन आणि जीवशास्त्र घेतलेल्या मुलीपुढे हा दरवाजा उघडा असतो. तिसरी, या कामाची जातकुळी ओळखावी. त्याला स्थिर हात लागतो, स्वच्छतेची सवय लागते आणि घाबरलेल्या माणसाशी गोड बोलता यावे लागते. औषध लिहिणे, रोगाचे निदान करणे, दात उपटणे हे दंतवैद्याचे काम. साफसफाई करणे, दातांना फ्लोराइड लावणे, रोग्याला शिकविणे हे हायजिनिस्टचे काम. ज्याला आपली मर्यादा ठाऊक आहे त्याच्यावरच लोक विश्वास टाकतात.

शिवाय आपल्या समाजात या विद्येची गरज किती आहे ते पाहा. मिसवाक, कडुनिंबाची काडी, बाभळीचे दातवण आपल्या घरांतून पूर्वापार चालत आले. तोंड स्वच्छ ठेवावे हे आपणांस कोणी नव्याने सांगावयास नको. पण त्याच घरांतून मशेरीचा डबाही असतो, गुटखा आणि तंबाखूही असते, आणि मुलाच्या हातात दिवसभर गोळ्या-चॉकलेटे असतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच होय. तिने दात स्वच्छ होतात हा गैरसमज आहे, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. आजीला, काकीला हे कोण समजावणार? बाहेरचा डॉक्टर सांगून निघून जातो. घरच्या मुलीने, शिकून आलेल्या मुलीने, शेजारी बसून आपल्याच बोलीत सांगितले तर ते आत शिरते. ब्रिजपोर्टच्या त्या मुलींनी कामगारांच्या वस्तीत हेच केले होते.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी एखादी दंतवैद्य होईल, एखादी शिक्षिका होईल. ज्यांचे गुण त्या दोन्हींना पुरले नाहीत त्यांनी स्वतःला वाया गेलेले समजू नये. दवाखान्यातील एका मदतनिसापासून एक विद्या उभी राहिली, कारण तिला पुरते शिक्षण मिळाले आणि कायद्याने तिचे स्थान लिहून दिले. या दोन गोष्टी मागण्याचा हक्क तुम्हांलाही आहे. त्या मिळाल्याखेरीज कोठेही स्वस्तात राबू नका, आणि मिळाल्यावर आपल्या कामाला हलके म्हणू देऊ नका.

पालकहो, मुलीचा निकाल हाती आला म्हणजे स्थळांची यादी काढण्यापूर्वी एक दिवस तिला बरोबर घेऊन जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन या. चौकशीच्या खिडकीवर काही पैसे पडत नाहीत.